आईचं बिल कुणाच्या नावावर

1594 पासून लागोपाठ काही वर्षं इंग्लंडात पावसानं पिकं नासली. धान्य महागलं, पोटासाठी गाव सोडलेली माणसं रस्तोरस्ती दिसू लागली. अखेर 1597 साली पहिल्या एलिझाबेथ राणीच्या पार्लमेंटनं गरिबांच्या पोषणाचा कायदा केला आणि 1601 मध्ये तो सुधारून पक्का केला. प्रत्येक पॅरिशनं, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीनं, आपापले गरीब सांभाळायचे. त्यासाठी घरदार, जमीनजुमला असलेल्यांवर पट्टी बसवायची. पट्टी वसूल करून वाटण्यासाठी गावातलेच दोन-चार खातेपिते गृहस्थ ‘ओव्हरसियर’ म्हणून नेमायचे. चार-साडेचार शतकांपूर्वीच्या मानानं हा कायदा फार मोठी गोष्ट होती. भुकेल्या माणसाला खायला घालणं ही दानशूरांची मर्जी न राहता गावाची जबाबदारी ठरली.

त्याच कायद्यात एक कलम होतं. म्हातारा, आंधळा, लंगडा किंवा काम करायला असमर्थ असा कुणी गरीब असेल, तर त्याचे आईवडील, आजी-आजोबा आणि मुलं यांनी, ऐपत असल्यास, त्याला स्वतःच्या खर्चानं पोसायचं. किती द्यायचं हे परगण्यातले न्यायाधीश ठरवणार. दिलं नाही तर दरमहा वीस शिलिंग दंड. त्या काळच्या मजुराला महिनाभर राबूनही एवढे पैसे मिळत नसत.

वरवर पाहता हे कलम म्हाताऱ्यांच्या कळवळ्यातून आलेलं वाटतं. पण तक्रार घेऊन न्यायाधीशापुढे कोण जायचं, ते पाहिलं की त्याचा खरा हेतू कळतो. सहसा म्हातारा बाप जात नसे. ओव्हरसियर जात असे. त्याच्या हातात पट्टीचा हिशेब असे, आणि ज्या म्हाताऱ्याचा मुलगा शेजारच्या गावात बऱ्यापैकी कमावतो त्याला गावाच्या पैशातून भाकरी का घालायची, असा पट्टी भरणाऱ्यांचा सवाल असे. प्रश्न रास्तच होता. पण तो तिजोरीचा प्रश्न होता. पुढच्या चारशे वर्षांत हे कलम ज्या ज्या देशात गेलं, तिथे मला हाच प्रश्न सर्वांत महत्त्वाचा वाटत आला आहे: म्हाताऱ्या आईबापांच्या नावानं कोर्टाची पायरी चढतं कोण, आणि निकालाचे पैसे कुणाच्या हातात पडतात?

हे कर्तव्य इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात नव्हतंच. 1719 साली एका जावयाकडून त्याच्या सासूच्या पोषणाचा खर्च मागण्यात आला, तेव्हा कोर्टानं ते स्वच्छ सांगितलं. निसर्गाच्या नियमानं माणूस आपल्या आईबापांना बांधलेला आहे खरा, पण तो नियम राबवणारी लौकिक सत्ता नव्हती, म्हणून पार्लमेंटला कायदा करावा लागला. आणि कायदा रक्ताच्या नात्यांपुरता आहे, त्यात जावई येत नाही. सासूचा भार पुन्हा पॅरिशवर आला.

व्यवहारात या कलमातून फारसं हाती लागत नसे. पॅरिशच्या दारात आलेल्या म्हाताऱ्यांची मुलंही बहुधा हातावर पोट असलेलीच. त्यांची स्वतःची पोरं लहान, घर एका खोलीचं. न्यायाधीश आठवड्याला काही पेन्स ठरवून देत, ते कधी येत, कधी थकत. 1834 च्या नव्या कायद्यानं वर्कहाउसची, म्हणजे गरिबांना कोंडून राबवणाऱ्या सरकारी घराची, दहशत आणली, तरी असंख्य म्हातारी माणसं पुढेही घरी बसून पॅरिशचे चार पैसे घेत राहिली. 1870 नंतर मात्र वरून हुकूम सुटले की घरपोच मदत बंद करा. तेव्हा मुलांना नोटिसा धाडण्याला जोर आला. या धोरणामागे एक हिशेबही होता. आई वर्कहाउसात जाणार म्हटलं की लाजेपोटी मुलगा पैसे देईल. म्हातारीची अब्रू हीच वसुलीची हमी ठरली. या साऱ्या इतिहासात मला सगळ्यांत क्रूर वाटतो तो हा भाग.

1 जानेवारी 1909 ला इंग्लंडातल्या टपाल कचेऱ्यांच्या दारांत म्हाताऱ्यांच्या रांगा लागल्या. लॉइड जॉर्ज अर्थमंत्री होते, आणि आदल्या वर्षी मंजूर झालेल्या कायद्यानं सत्तर वर्षांवरच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन मिळू लागलं होतं. रक्कम तुटपुंजी होती. पण ती मुलाकडून मागायची नव्हती, ओव्हरसियरच्या वारसदारांपुढे हात पसरायचा नव्हता, आणि टपाल कचेरीत वर्कहाउसचा कलंक नव्हता. जिच्याकडे स्वतःचे पाच शिलिंग आहेत ती आई मुलाच्या घरात ओझं राहत नाही, हे त्या पैशांनी दाखवून दिलं.

तरीही जुनं कलम जिवंतच होतं. 1930 च्या कायद्यात ते पुन्हा लिहिलं गेलं. मंदीच्या दिवसांत तर बेकार बापाची मदत ठरवताना घरातल्या कमावत्या मुलामुलींचा पगार मोजला जाई, आणि त्या मोजणीनं घराघरांत भांडणं लागली. 5 जुलै 1948 ला राष्ट्रीय आरोग्य सेवेबरोबरच नॅशनल असिस्टन्स ॲक्ट अमलात आला, आणि त्याच्या पहिल्याच कलमानं जुना गरीब-कायदा संपला असं जाहीर केलं. नवऱ्यानं बायकोला, बायकोनं नवऱ्याला आणि आईबापांनी लहान मुलांना पोसायचं, एवढीच जबाबदारी उरली. मोठ्या मुलांचं नाव यादीतून गेलं. जिथे हा नियम जन्मला, तिथेच तो मेला.

अमेरिकेत तो मेला नाही. वसाहतींनी इंग्लंडचा गरीब-कायदा जसाच्या तसा उचलला होता. स्वातंत्र्यानंतर एकेक राज्य तयार होत गेलं, तसं हे कलमही पश्चिमेकडे सरकत गेलं. एकेकाळी 45 राज्यांत ते होतं. पॅरिशच्या जागी काउंटी आली, वर्कहाउसच्या जागी काउंटीचं गरीबघर आलं. 1871 मध्ये विल कार्लटन या कवीची, पोरांनी टाकलेली म्हातारी गरीबघराची टेकडी चढते अशा विषयाची कविता छापून आली आणि घरोघर पोचली. मुलांच्या कृतघ्नतेवर लोक रडले. त्या गरीबघरांत राहणाऱ्या बहुतेकांची मुलं कृतघ्न नव्हती, एक तर दरिद्री होती किंवा नव्हतीच. पण कवितेत दारिद्र्यापेक्षा कृतघ्नता जास्त चटका लावते.

1935 साली रूझवेल्ट यांच्या सोशल सिक्युरिटी कायद्यानं म्हाताऱ्यांना सरकारी मदत सुरू केली, आणि एक अट घातली: सरकारी संस्थेत राहणाऱ्याला ही मदत मिळणार नाही. गरीबघरं बंद पडावीत हा हेतू. ती पडलीही. पण जे अंथरुणाला खिळलेले होते ते कुठे जाणार? ते खासगी बोर्डिंगांत गेले. आपल्या घरात चार खाटा टाकून म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या बायकांनी सुरुवात केली, मदतीचा चेक भाडं म्हणून घेतला, आणि त्यातून नर्सिंग होमचा धंदा उभा राहिला. आज साखळी कंपन्यांच्या ताब्यात असलेल्या या व्यवसायाची मुळं त्या एका अटीत आहेत.

30 जुलै 1965 ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी मेडिकेअर आणि मेडिकेड या दोन योजनांवर सही केली. मेडिकेअर पासष्टीपुढच्या सर्वांसाठी, पण नर्सिंग होमचा खर्च त्यात फार तर शंभर दिवसांपर्यंत, तोही आजारातून उठण्यासाठी लागणाऱ्या उपचारांपुरता. स्मृतिभ्रंश झालेल्या आईला वर्षानुवर्षं न्हाऊ-माखू घालण्याचा खर्च त्यात बसत नाही. तो मेडिकेडमध्ये बसतो. मेडिकेड मात्र गरिबांसाठी. आयुष्यभराची शिल्लक जवळजवळ संपवून हाती अक्षरशः दोन-एक हजार डॉलर उरले की मगच बहुतेक राज्यांत दार उघडतं. या योजनेत एक मोठी गोष्ट मात्र झाली. अर्जदाराची पात्रता ठरवताना मोठ्या मुलांची ऐपत मोजायची नाही, असं केंद्रीय कायद्यानं राज्यांना बजावलं. पुष्कळ राज्यांनी यानंतर जुनं कलम रद्द केलं, बाकीच्यांनी ते पुस्तकात तसंच धूळ खात ठेवलं.

कॅलिफोर्नियात कोर्टानंच आधी एक पाऊल पुढे टाकलं, मग मागे घेतलं. सरकारी मनोरुग्णालयात ठेवलेल्या आईचा खर्च मुलीच्या इस्टेटीतून वसूल करण्याचा राज्याचा दावा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 1964 मध्ये फेटाळला. सरकारनं समाजासाठी चालवलेल्या संस्थेचा खर्च एकट्या लेकीवर का, असा त्याचा आशय. नऊ वर्षांनी, रोनाल्ड रेगन गव्हर्नर असताना, त्याच न्यायालयानं म्हाताऱ्या आईबापांना दिलेली मदत मुलांकडून वसूल करणं घटनेत बसतं असा निकाल दिला. 1975 मध्ये विधिमंडळानं ती वसुलीच रद्द केली. दहा-अकरा वर्षांत एकाच राज्यानं तिन्ही उत्तरं देऊन पाहिली.

पेनसिल्व्हेनियानं वेगळी वाट धरली. 2005 मध्ये तिथल्या विधिमंडळानं हे कलम समाजकल्याणाच्या कायद्यातून काढलं आणि कौटुंबिक संबंधांच्या संहितेत 4603 क्रमांकानं बसवलं. कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. निर्धन व्यक्तीला सांभाळण्याची जबाबदारी जोडीदार, मूल आणि पालक यांच्यावर, मग ती व्यक्ती सरकारी मदतीवर असो वा नसो. सुटका दोनच कारणांनी. ऐपत नसेल तर, किंवा मूल अज्ञान असताना पालकानं त्याला दहा वर्षं टाकून दिलं असेल तर. आणि दावा लावायचा कुणी? त्या निर्धन व्यक्तीनं स्वतः, सरकारी खात्यानं, किंवा तिच्या संगोपनात ज्याचा काही हितसंबंध आहे अशा कुणीही. ओव्हरसियरची खुर्ची रिकामीच होती. तिच्यावर आता बिल थकलेली कंपनी बसू शकत होती.

पेनसिल्व्हेनियातली एक आई मोटार अपघातात जखमी झाली. उपचारांनंतर सप्टेंबर 2007 मध्ये तिला ॲलनटाउन गावच्या एका नर्सिंग होममध्ये ठेवलं. मार्च 2008 मध्ये ती तिथून बाहेर पडली आणि ग्रीसला निघून गेली. मागे सुमारे 93 हजार डॉलरचं बिल राहिलं. मेडिकेडसाठी अर्ज केलेला होता, त्याचा निकाल लागायचा होता. मे महिन्यात नर्सिंग होम चालवणाऱ्या कंपनीनं तिच्या एका मुलावर दावा ठोकला. त्यानं कुठल्याही कागदावर जामीन म्हणून सही केलेली नव्हती. तो तिचा मुलगा होता, एवढाच आधार.

लवादानं आधी मुलाच्या बाजूनं कौल दिला. कंपनी वर गेली. तीन दिवस सुनावणी चालली, आणि तिथे आईचं आजारपण, तिची काळजी, तिचं ग्रीसला जाणं यांपेक्षा जास्त चर्चा झाली ती मुलाच्या बँकेच्या पुस्तकांची. कंपनीनं त्याची आयकर विवरणपत्रं आणि खात्याचे उतारे मांडून निव्वळ वार्षिक उत्पन्न 85 हजार डॉलरच्या वर असल्याचं दाखवलं. आपली इतर देणी आहेत, असं मुलानं सांगितलं. त्याचे पुरेसे पुरावे नाहीत, असं कोर्ट म्हणालं. वडील आहेत, आणखी दोन भावंडं आहेत, त्यांच्याकडे का मागत नाही? कोर्टाचं उत्तर असं की कुणावर दावा लावायचा हे दावा लावणाऱ्यानं ठरवायचं. बाकीच्यांना ओढायचं असेल तर मुलानं ओढावं. मेडिकेडच्या निकालापर्यंत तरी थांबा? कायद्यात थांबायला सांगितलेलं नाही. आईला थोडंफार उत्पन्न आहे, मग ती निर्धन कशी? स्वतःच्या गरजा भागत नसतील एवढं उत्पन्न असणारीही निर्धनच. 7 मे 2012 ला पेनसिल्व्हेनियाच्या वरिष्ठ न्यायालयानं 92,943 डॉलरचा हुकूम कायम केला.

या निकालानं अमेरिकेत खळबळ उडाली, ती रास्त होती. 2005 च्या दुसऱ्या एका केंद्रीय कायद्यानं मेडिकेडच्या अटी आवळल्या होत्या. अर्जापूर्वीच्या तीनऐवजी पाच वर्षांतली देणगी, बक्षीसपत्रं तपासली जाऊ लागली. आईनं चार वर्षांपूर्वी नातवाच्या शिक्षणाला दिलेले पैसेही तिच्या अर्जाच्या आड येऊ शकत. अर्ज लटकले की नर्सिंग होमची बिलं थकतात, आणि थकलेली बिलं वसूल करायला 1601 चं हत्यार हाताशी असतं. दावा जिंकून मिळालेल्या पैशातून आईला एक घासही जास्त मिळाला नाही. ती तर केव्हाच समुद्रापलीकडे गेली होती.

जर्मनीनं हाच प्रश्न शहाणपणानं हाताळला असं मला वाटतं. तिथेही सरळ वंशातल्या नातेवाइकांनी एकमेकांना पोसण्याचं कर्तव्य दिवाणी संहितेत आहे, आणि वृद्धाश्रमाचा खर्च आधी भरणारं समाजकल्याण कार्यालय मुलांकडे वळतं. पण 1 जानेवारी 2020 पासून वर्षाला एक लाख युरोंपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या मुलाला सरकार हातच लावत नाही. कर्तव्य ठेवलं, पण मध्यमवर्गीय लेकराच्या ताटात हात घातला नाही.

आपल्याकडे या कर्तव्याचा इतिहास निराळ्या रस्त्यानं आला. म्हाताऱ्या आईबापांना पोसणं धर्मशास्त्रानं सांगितलं, जुन्या हिंदू कायद्यानं मुलावर ते बंधन मानलं, 1956 च्या दत्तक व निर्वाह कायद्यानं मुलीलाही त्यात घेतलं. ब्रिटिशांच्या 1898 च्या फौजदारी संहितेत मात्र पोटगी फक्त बायको आणि मुलांसाठी होती. 1973 च्या नव्या संहितेनं 125 व्या कलमात आईवडिलांना आणलं. दिवाणी दाव्याचा खर्च आणि कालावधी टाळून म्हातारा माणूस आता मॅजिस्ट्रेटसमोर उभा राहू शकत होता. कमाल पोटगी महिना 500 रुपये.

कल्याणच्या मॅजिस्ट्रेटसमोर असेच एक वडील उभे राहिले. मुलगी कल्याणातच डॉक्टरकी करत होती, लग्न झालेली. तिची आई 1948 साली वारली होती, वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं आणि ते दुसऱ्या बायकोबरोबर राहत होते. त्यांनी लेकीकडे महिना 500 रुपये मागितले. मुलीचा पहिला आक्षेप कायद्याच्या अक्षरावर होता. कलमात ‘त्याचे वडील किंवा आई’ असं पुल्लिंगी लिहिलं आहे, संसदेच्या संयुक्त समितीच्या अहवालातही मुलाचाच उल्लेख आहे, मग मुलीवर, त्यातही लग्न होऊन दुसऱ्या घरी गेलेल्या मुलीवर, हे बंधन कसं? मॅजिस्ट्रेटनं आक्षेप फेटाळला, मुंबई उच्च न्यायालयानंही फेटाळला, आणि 18 फेब्रुवारी 1987 ला सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शेवटचा शिक्का मारला. पुल्लिंगी सर्वनामात स्त्रीही येते. लग्नानंतरही मुलगी ही मुलगीच राहते. फक्त दोन गोष्टी सिद्ध व्हायला हव्यात: आईवडिलांना स्वतःचं भागवता येत नाही, आणि मुलीकडे नवऱ्याच्या उत्पन्नाला सोडून स्वतःची पुरेशी ऐपत आहे.

तोवर उच्च न्यायालयांत यावर मतभेद होते. ‘मुलगी परक्याचं धन’ म्हणणाऱ्या समाजात कोर्टानं बापाचा हक्क लेकीपर्यंत पोचवला, आणि त्याच निकालात लेकीच्या कमाईला नवऱ्याच्या कमाईपासून वेगळं अस्तित्व दिलं. कल्याणच्या त्या घरात त्या बापलेकीत काय घडलं होतं, हे निकालपत्र सांगत नाही, आणि त्यावर मत देण्याचा मला अधिकार नाही. पण इथे कोर्टाची पायरी बाप स्वतः चढला होता. मिळणारे पैसे त्याच्याच हातात पडणार होते. 1601 पासूनच्या वाटेवर हा फरक मला फार मोठा वाटतो.

2007 साली मीरा कुमार सामाजिक न्यायमंत्री असताना संसदेनं आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा केला, तेव्हाही हाच सूर राहिला. महाराष्ट्रात तो 1 मार्च 2009 पासून लागू झाला. अर्ज आईवडिलांनी करायचा. ते करू शकत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेल्या माणसानं किंवा संस्थेनं करायचा, किंवा न्यायाधिकरणानं स्वतःहून दखल घ्यायची. निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि औषधोपचार आले. वकील नको, कागद कमी, निकाल नव्वद दिवसांत अपेक्षित. मुलांच्या नावे केलेलं घर, सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं असेल आणि ते सांभाळत नसतील तर, परत मिळवण्याची सोयही 23 व्या कलमात आहे. प्रत्येक जिल्ह्यात किमान एक, दीडशे वृद्धांची सोय असलेला वृद्धाश्रम राज्य सरकार उभारू शकेल, असंही 19 व्या कलमात लिहिलं. शकेल म्हटलं, पाहिजे म्हटलं नाही, आणि तिथेच सरकारनं आपली जबाबदारी मुलांपेक्षा हलकी करून घेतली, अशी माझी तक्रार आहे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मुलांना या दोन्ही परंपरा एकदम भेटतात. आईवडिलांचं ग्रीन कार्ड करताना त्यांना आय-864 नावाच्या हमीपत्रावर सही करावी लागते. 1996 च्या कायद्यानं हे हमीपत्र कोर्टात चालवता येणारा करार झालं. आईवडील नागरिक होईपर्यंत किंवा ठरावीक वर्षं काम करेपर्यंत दारिद्र्यरेषेच्या सव्वापट उत्पन्नाची हमी मुलानं द्यायची. आईवडील त्याच्या आधारे मुलाला कोर्टात खेचू शकतात, आणि मदत देणारं सरकारी खातंही. पुण्याहून आलेल्या आईला पेनसिल्व्हेनियातल्या एखाद्या नर्सिंग होममध्ये ठेवायची वेळ आली, तर या हमीपत्राच्या शेजारी 4603 कलमही उभं असतं. तिथे प्रवेशाच्या वेळी पुढ्यात ठेवलेल्या कागदावर ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही करण्याआधी मुलांनी तो वकिलाला दाखवावा, असं मी कळकळीनं सांगेन. मात्र या कलमाखाली सही न करणाऱ्या मुलावरही हुकूम झाला होता, हेही त्यांनी विसरू नये.

भारतात 125 व्या कलमातली 500 रुपयांची मर्यादा 2001 मध्ये निघाली, आणि 1 जुलै 2024 पासून तेच कलम नव्या संहितेत 144 क्रमांकानं आलं. 2007 च्या कायद्यात मात्र न्यायाधिकरणाला महिना 10 हजार रुपयांपेक्षा जास्त निर्वाह देता येत नाही. पुण्या-मुंबईत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चोवीस तास बाई ठेवायची तर एवढ्यात भागत नाही. ही मर्यादा काढणारं, जावई-सुनांनाही जबाबदार धरणारं विधेयक 2019 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ती लोकसभा विसर्जित झाली आणि विधेयकही बारगळलं.